एका मापानं मोठी झूल

गाडीवरचं कव्हर काढलं आणि मागच्या दाराच्या काचेवर सोमेश्वरला हाताचा पंजा उमटलेला दिसला. त्याला वाटलं, गल्लीतल्या कुणाचा तरी असेल. फडकं ओलं करून त्यानं काच पुसली, पंजा गेला नाही. जोर लावून पुन्हा पुसली, तरी नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की पंजा आतून आहे. खोबरेल तेल आणि घाम मिळून उमटलेला, बोटं फाकलेली, आणि मधलं बोट अर्ध्यातच संपलेलं. अण्णांचं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलं तेव्हा सोमेश्वर शाळेत जात होता. हाताला धोतराचं टोक गुंडाळून अण्णांनी आधी बैलांना पाणी दाखवलं आणि मग दवाखाना गाठला, असं आई मरेपर्यंत सांगायची. कौतुकानं सांगायची की रागानं, ते त्याला कधी कळलं नाही. तेव्हा हात कुणाचा हा प्रश्नच नव्हता. पण मागच्या रविवारी सगळ्या काचा त्यानंच लखलखीत पुसल्या होत्या, त्यानंतर गाडी जागची हलली नव्हती, आणि कव्हर आत्ता त्याच्याच हातानं निघालं होतं. म्हणजे पुंजाराम नावाचा त्याचा बाप, ज्याला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, तो मधल्या दिवसांत कधीतरी कव्हराखाली शिरून त्या कोंदट अंधारात बसला होता. वैशाखाच्या जालन्यात. पत्र्यावर पापड टाकला तर भाजून निघेल अशा उन्हात. 

बसला तर बसला, पण बाहेर कसा आला? मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांसाठीचं लॉक लावलेलं होतं, दार आतून उघडत नाही. ते लावायला कारण घडलं होतं. दिवाळीनंतर गावाकडं, वडीगोद्रीला जाताना अंबड मागं पडलं आणि अण्णांनी 'आलं आपलं वावर' म्हणत चालत्या गाडीचं दार उघडलं. बायकोनं, तृप्तीनं, मागून सदरा धरला म्हणून वाचले. मग आता? पुढच्या सीटवर चढून आले असतील, सोमेश्वरनं स्वतःला सांगितलं. या वयात गच्चीवर जातात, तर सीट ओलांडायला काय झालं. मनाला पटवायचंच ठरवलं की काय पटत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीकडं एकदा बघून त्यानं काच आतून स्वच्छ पुसली. तृप्तीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते त्याला तोंडपाठ होतं. अण्णा फाटकातून निघून थेट अंबड चौफुलीवर एसटीला हात करताना सापडले, त्या दिवशीच ती म्हणाली होती, "आता एकदा जरी असं झालं ना, तर मला न्हाई जमणार. संभाजीनगरला अशा माणसांची सोय असती, तिथं ठेवा." आणि तो म्हणाला होता, "तुझ्याच्यानं घरातलं एक माणूस सांभाळलं जात न्हाई." बोलून गेला तो. बोललेलं परत घेता येत नाही. नुसतं पुढं कमी बोलता येतं. तेव्हापासून दोघंही अण्णांविषयी कमीच बोलत.

खरं म्हणजे कव्हर आणलं होतं ते अण्णांसाठीच. लोकांना सांगताना काजळीचं नाव होतं, आणि काजळी खोटी नव्हती. त्यांची कॉलनी एमआयडीसीच्या अंगाला, लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांचा धूर वारा फिरला की सरळ घरावर येई. पांढरी गाडी सकाळी बघावी तर तव्याखालून काढल्यागत. पण काजळीला काय, फडकं पुरतं. अण्णा मात्र उठले की गाडीत जाऊन बसत, हॉर्न वाजवत, "चल सोमा, ऊन व्हायच्या आत निघू" म्हणत. खाली उतरवताना रोज झोंबाझोंबी, रोज गल्ली गोळा. तृप्तीच्या शिकवणीची पोरं खिडकीतून हसत. तृप्ती म्हणाली, "झाकून टाका तिला. दृष्टीआड सृष्टी. दिसलीच न्हाई तर विसरतील." सोमेश्वरला ते पटलं. बाकी सगळं विसरणारा माणूस गाडीही विसरेल, यात न पटण्यासारखं काय होतं.

गाडीच्या सामानाच्या दुकानात राधेश्याम नावाच्या दुकानदारानं काउंटरवर घड्यांवर घड्या उलगडल्या होत्या. "दोन जाती हायेत साहेब," तो म्हणाला. "एक श्वास घेतं, एक घेत न्हाई. श्वास घेणारं रंगाला बरं, आतली वाफ निघून जाती. पण तुमची कॉलनी कुठं म्हणले? भट्ट्यांकडं? मंग काजळी त्यातून बराबर आत शिरंल. तुम्हाला हे चंदेरी घ्या. ह्यातून ना पाणी जातं, ना हवा. बिलकुल बंद." सोमेश्वरनं कापड गालाला लावून पाहिलं. रबरासारखा वास आला. आतून मऊ लव होती, बाहेरून चकचकीत. राधेश्यामनं एक चेनवालं दाखवलं, कव्हर न काढता ड्रायव्हरचं दार उघडता येई. "चेन नको," सोमेश्वर म्हणाला. "का? सोयीचं असतं." "सोय नको. दार उघडता आलं न्हाई पाहिजे." राधेश्यामनं मान वर केली. "चोराचं भ्या हाय का तिकडं?" "न्हाई," सोमेश्वर म्हणाला, "घरातलंच हाय." ते तो हसून म्हणाला होता. मापाचं संपलं होतं. राधेश्याम म्हणाला, एका मापानं मोठं घ्या, कुठं बिघडलं, खाली पोटाखालून तीन पट्टे हायेत, आवळले की वावटळ आली तरी उडत न्हाई. तापलेल्या गाडीवर घालू नका, धुळीवर घालू नका, घासून रंगाचं मातेरं होतं. आधी धुवा, वाळू द्या, मंग पांघरा. असं त्यानं लेकराच्या अंगड्या-टोपड्याविषयी सांगावं तसं सांगितलं. आणि सोमेश्वरनं ते सगळं पाळलं. फक्त पट्टे तेवढे बांधायचा आळस केला. खाली वाकून एका बाजूनं फेकायचे आणि दुसऱ्या बाजूनं ओढायचे, दर वेळी कोण करतंय.

पहिल्यांदा कव्हर घातलं त्या सकाळी अण्णा ओट्यावर बसून होते. उठून आले. चंदेरी कापडाची कड दोन बोटांत धरून त्यांनी चोळून पाहिली, शिवण पाहिली, लोंबणारा घोळ पाहिला. "झूल शिवली का रे?" ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जागच्या जागी होता. "चांगली हाय. पण एका मापानं मोठी झाली. बैल भरायचाय का आजून?" सोमेश्वर आणि तृप्ती दोघंही मनापासून हसले. "हां अण्णा, भरायचाय," सोमेश्वर म्हणाला. अण्णांनी मान हलवली आणि परत ओट्यावर जाऊन बसले, गाडीकडं तोंड करून, मांडी घालून, टोपी सरळ करून. हॉर्न नाही, हट्ट नाही. दुपारभर तसेच. तृप्ती दारातून हळूच म्हणाली, "बघा, विसरले." त्यांची पाठ इतकी ताठ होती की विसरलेल्या माणसाची पाठ अशी नसते, हे सोमेश्वरला दिसलं होतं. दिसलं होतं, आणि त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं.

पंजा पुसल्यानंतरचा आठवडा त्याला कामात गोडी लागली नाही. तो बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायच्या प्रयोगशाळेत होता. ओल्या कागदावर बी मांडायचं, गुंडाळायचं, कपाटात ठेवायचं, किती उगवलं ते बघायचं. दरवर्षी उन्हाळ्यात दुकानदारांना तो एकच गोष्ट बजावी: बंद गाडीत पोती ठेवू नका, बी मरतं. आणि मेलेलं बी वरून ओळखू येत नाही. तेच वजन, तोच रंग, हातात घेतलं तर तसंच खुळखुळतं. पेरल्यावरच कळतं. त्या आठवड्यात कागद उलगडताना त्याला सारखा तो काचेवरचा हात आठवे. हात कसला होता? दार ढकलणाऱ्याचा, की एसटीच्या खिडकीत बसलेला माणूस उगाच काचेला हात टेकून बसतो तसला? अण्णा ओरडले असतील का? ओरडणारे नव्हते ते. बाजारात, दवाखान्यात, तहसिलात, जिथं बसवलं तिथं बसणारा माणूस. तासन् तास बसतील, पाणी मागणार नाहीत. भीती वाटत होती ती याचीच. सोमेश्वरनं ठरवलं, आता हयगय नाही. दर वेळी तिन्ही पट्टे आवळायचे आणि किल्लीनं गाडी लॉक करायची. संध्याकाळी अंगणात पालथा पडून त्यानं पोटाखालून पट्टे ओढले. टिच्च करून एकेक चाप बसला तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. तृप्ती दारात उभी राहून बघत होती. "आज पट्टे?" ती म्हणाली. "वारं सुटून राह्यलं," तो म्हणाला. ती काहीतरी बोलणार होती. ओठ हललेले त्यानं पाहिले. मग कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

शनिवारी उन्हं कलल्यावर त्यानं गाडी धुवायला काढली. अण्णा बादलीपाशी येऊन उभे राहिले. पाणी पत्र्यावरून ओघळताना त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि बॉनेटवरून, जिथं गाडीला खांदे असले तर असते तिथून, तळवे फिरवायला लागले. एका लयीत, दाबून, मागून पुढं. "अण्णा, ओलं व्हाल," सोमेश्वर म्हणाला. "खांदं मळून घेऊ दे," ते म्हणाले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, ते सोमेश्वरला आठवलं. कितीतरी वर्षांनी आठवलं. त्याला गंमत वाटली. पोळ्याला अजून सगळा पावसाळा जायचा होता. मग अण्णा आरशाशी वाकले. बैलाच्या कानाशी वाकावं तसे, तोंडाला हाताचा आडोसा करून, आणि त्या आरशात हलक्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाया ये." सोमेश्वरनं तिकडं पाठ करून नळ बंद केला. म्हाताऱ्या माणसाचं लहान मूल झालं म्हणतात ते हेच, असं त्याच्या मनात आलं, आणि असं काही मनात आलं की माणूस पुढचा विचार करत नाही.

हंगामाच्या तोंडावर कंपनीला रविवार नसतो. सकाळी त्यानं गाडीच्या चाकांत हवा भरून आणली, कारण पुढच्या आठवड्यात गावाकडं लग्न होतं. येऊन अंगणात लावली. तापलेल्या गाडीवर घालू नका, म्हणून चारही दारं उघडी टाकून तो चहाला आत गेला. तृप्ती शिकवणीच्या पोरांना फळ्यावर काहीतरी लिहून देत होती. अण्णा बाहेर सोमेश्वरपाशी आहेत असं तिला वाटलं. ते आत तृप्तीपाशी आहेत असं सोमेश्वरला वाटलं. चहा अर्धा असतानाच कंपनीतून फोन आला, गोदामाशी ट्रक येऊन उभा होता. फोन कान आणि खांद्यात दाबून त्यानं एकेक दार कमरेनं लोटलं. मागच्या काचांना काल गाडी धुतल्यावर त्यानंच काळ्या जाळ्या बसवल्या होत्या, ऊन लागू नये म्हणून. कव्हर पुढून चढवलं, आरशांच्या खोळी आरशांवर बसवल्या, मागं ओढून घेतलं, पालथा पडला, पट्टे आवळले. एक चाप, दुसरा, तिसरा. किल्लीचं बटण दाबलं. आतून गाडी नेहमीसारखी एकदा बोलली. मोटारसायकलवर टांग टाकताना त्यानं मागं वळून पाहिलं, तर चंदेरी कापड कुठंही न फुगता बसलं होतं. काम नीट झाल्याचं समाधान त्याला झालं. ते समाधान पुढं जन्मभर त्याला आठवायचं होतं.

तृप्तीचा फोन आला तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. "अण्णा न्हाईत," ती म्हणाली. "घरात न्हाईत, गच्चीवर न्हाईत, गल्लीत न्हाईत. मला वाटलं तुम्ही कुठं घेऊन गेलात." सोमेश्वर तसाच निघाला. बसस्थानक पाहिलं, अंबड चौफुली पाहिली, रसवंत्या, झाडांच्या सावल्या, टपऱ्यांमागचे बाक पाहिले. पांढरी टोपी दिसली की ब्रेक लागे. एवढ्या टोप्या असतात हे त्याला माहीत नव्हतं. "वडीगोद्रीकडं जाणारा म्हातारा दिसला का, मधलं बोट अर्धं हाय," असं तो विचारत गेला. लोक माना हलवत, आणि एक चहावाला म्हणाला, "जल्दी बघा भाऊ, हे ऊन म्हाताऱ्या जिवाचं न्हाई." अंबडच्या रस्त्याला लागला तसा वारा तोंडावर भट्टीसारखा यायला लागला. दोन्ही बाजूंची रानं नांगरून मोकळी पडलेली, लांबवर कुणी नाही. दर मैलाला त्याला वाटे, पुढच्या वळणावर असतील. तृप्तीचे फोन येत राहिले. शेजारच्या कांताबाईंनी मारुतीचं देऊळ पाहिलं, पोरं सायकली घेऊन गेली, पोलीस चौकीत सांगितलं. "जल्दी करा काहीतरी," ती म्हणत होती.

शेवटी एका लिंबाखाली थांबून त्यानं वडीगोद्रीला धुळाजीकाकांना फोन लावला. धुळाजी अण्णांचा बालमित्र. त्यांची मेंढरं वर्षानुवर्षं अण्णांच्या वावरात बसायची, आणि अजूनही रोज संध्याकाळी तृप्ती आपल्या फोनवरून अण्णांना त्यांच्याशी बोलायला लावून द्यायची. "आले का तिकडं?" सोमेश्वरनं विचारलं. "आजून तर न्हाई," धुळाजी म्हणाले. आवाजात काळजी नव्हती, वाट पाहणं होतं. "मी बसलोय इथंच ओट्यावर. काल म्हणला ना, आवतन देऊन झालंय, उद्या झूल पडली की निघालो. तूच घेऊन येऊन राह्यला न्हाई का?"

सोमेश्वरनं फोन कानापासून काढला नाही, पण पुढचं त्याला ऐकू आलं नाही. झूल पडली की निघालो. त्यांच्या घरात झूल बैलावर पडायची ती निघण्याआधी. धुऊन, मळून, आवतन देऊन, दुसऱ्या दिवशी झूल घातली की पुढची गोष्ट एकच, वेशीकडं निघायचं. झाकून ठेवायला बैलावर कुणी कधी झूल घातली होती? त्यानं गाडी झाकली ती बापाला ती आता नाही असं सांगायला, आणि बापाला दर वेळी ऐकू आलं ते, चला. म्हणून ती ताठ पाठ. म्हणून तो काचेवरचा हात. आणि त्याला राजूरच्या गणपतीची जत्रा आठवली, तो अण्णांच्या बोटाला धरून चाललेला, तेच बोट, तेव्हा अख्खं. अण्णा वाकून सांगत होते, "चुकामूक झाली तर हिंडायचं न्हाई. गाडीपाशी यायचं अन् बसून ऱ्हायचं. मी येतोच." तो चुकला होताही, रडत गाडीपाशी येऊन जुवाखाली बसला होता, आणि अण्णा आले होते. काखेत कळसा, त्याच्या मनात आलं, आणि ती म्हण त्यानं मनातही पुरी केली नाही.

"तृप्ती," त्यानं फोन लावला. "गाडीचं कव्हर काढ."

पलीकडं तिच्या चपला वाजायला लागल्या. मग म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"मागच्या आठवड्यात," ती म्हणाली. ती पळत होती, शब्द तुटत होते. "मागच्या आठवड्यात मीच काढलं त्यांना त्यातून. घामानं भिजले होते. तुम्ही काय म्हणाल म्हणून सांगितलं न्हाई. आज पहिलं मी तिथंच बघितलं. पण पट्टे बांधलेले होते. म्हणलं बाहेरून पट्टे बांधलेत, तर आत माणूस कसं जाईल. पट्टे तुम्ही..." तिचं वाक्य राहिलं. चाप सुटल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा, मग तिसरा. कापड सरसरत खाली आलं. "दार उघडत न्हाई. किल्ली?"

किल्ली त्याच्या खिशात होती. मांडीला टोचत होती. "काच फोड," तो म्हणाला. "वरवंटा घे."

फोन तिनं कुठंतरी खाली ठेवला असावा. त्याला पळणारी पावलं ऐकू आली, कांताबाईंचा आवाज ऐकू आला, मग दगडाचा एक धप्प घाव, काच फुटली नाही. मग दुसरा, फुटली. "अण्णा," तृप्तीनं हाक मारली. रोज जेवायला हाक मारी तशी, जरा मोठ्यानं. "अण्णा, ओ अण्णा." सोमेश्वर लिंबाखाली उभा होता. ट्रक गेला की काही ऐकू येत नव्हतं आणि ट्रक संपत नव्हते. कांताबाई म्हणाल्या, पाणी लावा तोंडाला. कुणीतरी धावलं. मग कांताबाई म्हणाल्या, "राहू दे, तृप्ती." नंतर बराच वेळ नुसता अंगणाचा आवाज, चिमण्यांचा, बादलीचा.

"अहो," तृप्ती फोनवर आली. आवाज एकदम शांत, घरातला. "ऐकताय ना?"

"ऐकून राह्यलो. पाणी पाजलं का? सावलीत घ्या त्यांना. मी निघालो, आलोच बघ."

"मोटारसायकल पळवू नका," ती म्हणाली. "रस्ता नीट बघा. सावकाश या."

सोमेश्वरचा हात हँडलवर होता तो तिथंच राहिला. त्यांच्याकडं दुखण्याच्या फोनवर लोक काय म्हणतात आणि माणूस गेल्यावरच्या फोनवर काय म्हणतात, ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. आईच्या वेळी त्यानंच बहिणीला तसा फोन केला होता. "असं नको म्हणू," तो म्हणाला. त्याला रडू फुटत होतं आणि रस्त्यावरची माणसं बघत होती. "लवकर या म्हण. तृप्ती, एकदा लवकर या म्हण मला."

फोन चालूच होता. पलीकडं कांताबाई कुणाला तरी सांगत होत्या, पलंगावर नको, जागा करा, खाली जमिनीवर घ्या.